वाचकांचे प्रश्न : कॅशे सर्व्हर बसतो, पण काम करत नाही

एकच फाइल संस्थेतले शेकडो संगणक पुन्हापुन्हा बाहेरून ओढत बसतात. ती एकदाच आणायची आणि पुढच्यांना आतूनच द्यायची, हे कंटेंट कॅशेचं काम. या विषयावर आलेल्या पत्रांत बसवतानाच्या अडचणींचीच पत्रं सर्वात जास्त आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठी. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना मूळ इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.

प्रश्न : स्क्विड या कॅशे प्रॉक्सीसाठी (संगणक आणि इंटरनेट यांच्या मधला सर्व्हर) वेगळी डिस्क घेतली, ती /कॅशे या फोल्डरवर माउंट केली, म्हणजे जोडली, आणि साठा कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या कॅशे_डिर या सेटिंगमध्ये तोच पत्ता दिला. सर्व्हिस सुरू होते आणि दोन-तीन सेकंदांत बंद पडते. स्टेटसमध्ये नुसतं ‘फेल्ड’ दिसतं. फोल्डरची मालकी स्क्विडला दिली, शेवटी ७७७ (सर्वांना सर्व मुभा) परवानगी देऊनही पाहिली. फरक नाही. सिस्टिम रेड हॅट घराण्यातली लिनक्स आहे.

उत्तर : ७७७ आधी मागे घ्या, ७५० पुरतं. कॅशेत लोकांनी मागवलेल्या मजकुराच्या प्रती असतात. त्या मशीनवरच्या प्रत्येक खात्याला उघड्या ठेवणं योग्य नाही.

‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ शेवटच्या थोड्याच ओळी दाखवतं. खरं कारण तोवर वर निघून गेलेलं असतं. म्हणून आधी ‘स्क्विड -के पार्स’ चालवा. कॉन्फिग फाइलमध्ये चूक असेल तर ती ओळ क्रमांकासकट इथेच सापडते. तिथे सगळं ठीक असेल तर /व्हार/लॉग/स्क्विड या फोल्डरातली कॅशे.लॉग उघडा आणि सर्व्हिस सुरू केल्याच्या वेळेनंतरची ‘फेटल’ शब्दाची पहिली ओळ शोधा. शेवटची नको, पहिली. नंतरच्या बऱ्याच ओळी हा पहिल्या चुकीचा परिणाम असतो.

‘परमिशन डिनाइड’ दिसत असेल, तर स्वतःला एक प्रश्न विचारा : मालकी बदलली ती डिस्क माउंट करण्याआधी की नंतर? आधी केली असेल तर ती खालच्या रिकाम्या फोल्डरला लागली. वर डिस्क माउंट झाली की तो फोल्डर झाकला जातो आणि दिसतो तो नव्या फाइल सिस्टिमचा मूळ फोल्डर, ज्याची मालकी रूट या मुख्य प्रशासक खात्याकडे असते. म्हणून डिस्क माउंट असताना ‘एलएस -एलडी /कॅशे’ पाहा. त्याहून चांगलं म्हणजे माउंटच्या मुळाशी कॅशे ठेवूच नका. आत /कॅशे/स्क्विड असा फोल्डर करा, त्याची मालकी स्क्विड या खात्याला द्या आणि कॅशे_डिरमध्ये तो पत्ता लिहा. डेबियन आणि उबुंटूमध्ये या खात्याचं नाव प्रॉक्सी असतं. दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा उतरवल्या की नेमकी इथेच फसगत होते.

मालकी बरोबर असूनही अडत असेल, तर रेड हॅट घराण्यात पुढचा संशय एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेवर. साध्या परवानग्या तपासून झाल्यावर तो स्वतःच्या लेबलांनुसार पुन्हा तपासतो, आणि त्याला ७७७शी देणंघेणं नसतं. ‘एलएस -एलडीझेड /कॅशे/स्क्विड’ असं पाहा. झेड मोठ्या लिपीतला. लेबल ‘डिफॉल्ट_टी’ किंवा ‘अनलेबल्ड_टी’ असेल तर कारण सापडलं. हवं ते लेबल ‘स्क्विड_कॅशे_टी’. खात्री करायची तर ‘सेटएन्फोर्स ०’ने त्याची सक्ती तात्पुरती थांबवून सर्व्हिस सुरू करा. चालली, तर दोषी एसईलिनक्सच. लगेच ‘सेटएन्फोर्स १’ करा. तो कायमचा बंद ठेवून पुढे जाऊ नका. बाहेरचा मजकूर दिवसभर हाताळणाऱ्या सर्व्हरला या कुंपणाची सर्वात जास्त गरज असते.

दुरुस्ती दोन आज्ञांची आहे. ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी स्क्विड_कॅशे_टी’ आणि त्यापुढे अवतरणात /कॅशे/स्क्विड(/.*)? असा नमुना, मग ‘रिस्टोअरकॉन -आरव्ही /कॅशे/स्क्विड’, यातला आर मोठा. सेमॅनेज सापडत नसेल तर आवृत्ती ८ पासून ते पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स या पॅकेजमध्ये येतं. ‘चकॉन’ वापरूनही लेबल लागतं, पण पुढे कधी लेबलं नव्याने लावली गेली की ते पुसलं जातं आणि चालू सर्व्हर अचानक बंद पडतो. ३१२८ सोडून वेगळा पोर्ट निवडलात तर तोही ‘सेमॅनेज पोर्ट’ने ‘स्क्विड_पोर्ट_टी’ या प्रकारात नोंदवावा लागू शकतो.

आता सर्व्हिस बंद ठेवून ‘स्क्विड -झेड -एन’ चालवा; इथे झेड छोटा, एन मोठा. यूएफएस या साठवणीच्या प्रकारात कॅशे_डिरच्या ओळीत नेहमीचे १६ आणि २५६ हे आकडे दिले असतील तर १६ मुख्य आणि त्या प्रत्येकात २५६, असे ४०९६ फोल्डर तयार होतात. एन वगळला तर आज्ञा मागे चालू राहते आणि प्रॉम्प्ट मात्र लगेच परत येतो. काम संपलं समजून सर्व्हिस सुरू केली की ‘आधीच चालू आहे’ म्हणून ती नकार देते.

शेवटी ‘सिस्टिमसीटीएल एडिट स्क्विड’ करून युनिट विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/कॅशे’ ही ओळ घाला. नाहीतर एखाद्या रीबूटला डिस्क माउंट होण्याआधीच स्क्विड उठेल. मग एक तर फोल्डर नाही म्हणून बंद पडेल, नाहीतर खालच्या रिकाम्या फोल्डरात लिहीत सिस्टिमचीच डिस्क भरून टाकेल.

प्रश्न : स्क्विड चालू आहे, पण प्रत्येक संगणकावर ‘ॲक्सेस डिनाइड’चं पान येतं. लॉगमध्ये टीसीपी_डिनाइड/४०३.

उत्तर : एचटीटीपी_ॲक्सेसच्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि जी पहिली लागू पडते तिथे निर्णय होतो. ‘डिनाय ऑल’च्या खाली लिहिलेली परवानगी कधीच वाचली जात नाही. बहुतेकजण स्वतःची ओळ फाइलच्या तळाशी जोडतात, तिथेच चूक होते. ‘लोकलनेट’मध्ये तुमच्या नेटवर्कचा पत्त्यांचा पट्टा आहे ना, ते पाहा. ‘एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ लोकलनेट’ ही ओळ डेबियन-उबुंटूमध्ये टिप्पणी म्हणून बंद ठेवलेली असू शकते. तिच्यापुढचं # चिन्ह काढा. मग ‘स्क्विड -के रीकॉन्फिगर’. सर्व्हिस बंद-चालू करायची गरज नाही.

प्रश्न : मशीनला ८ जीबी रॅम आहे. ५०० जीबीच्या डिस्कसाठी कॅशे_डिरमध्ये ५००००० (एमबी) लिहिलं. दोन आठवडे छान चाललं, मग मशीन मंद झालं आणि एकदा कर्नलनेच स्क्विड बंद केला. कॅशे_मेम तर २५६ एमबीच आहे.

उत्तर : कॅशे_मेम म्हणजे स्क्विडच्या एकूण मेमरीची मर्यादा नव्हे. मजकूर रॅममध्ये धरून ठेवण्यासाठी राखलेली ती फक्त जागा. डिस्कवरच्या प्रत्येक वस्तूची नोंदही रॅममध्ये असते, आणि ६४ बिटच्या मशीनवर त्यासाठी दर जीबी कॅशेमागे सुमारे १४ एमबी धरतात. तुमच्या ५०० जीबीला नुसत्या नोंदींसाठी ७ जीबी झाले. सुरुवातीला कॅशे रिकामा असतो, म्हणून त्रास दिसत नाही. तो भरत गेला तशी रॅम संपली.

१४ एमबीचा हा अंदाज सरासरी १३ केबीची वस्तू गृहीत धरतो. त्या हिशेबाने ५०० जीबीत चार कोटींच्या आसपास वस्तू बसतात. तुमच्या कॅशेत मुख्यतः मोठ्या अपडेट फाइल असतील आणि सरासरी १ एमबी पडत असेल, तर त्याच जागेत पाच लाखांच्या आसपासच वस्तू राहतील आणि नोंदींना १०० एमबीदेखील लागणार नाहीत. कॅशे मॅनेजरच्या ‘इन्फो’ पानावर ‘मीन ऑब्जेक्ट साइझ’ ही ओळ असते. आधी ती वाचा आणि मगच रॅम विकत घ्यायची की नाही ते ठरवा.

तोवर आकडा २००००० करा. नोंदींना साधारण पावणेतीन जीबी लागतील. आकडा कमी केल्याने कॅशे नव्याने बांधावा लागत नाही, जादा वस्तू स्क्विड हळूहळू काढून टाकतो. १६ आणि २५६ हे आकडे मात्र बदलू नका, त्यासाठी सगळं पुसून पुन्हा मांडावं लागतं. आणि पुढे रॅम वाढवलीत तरी ५०० जीबीच्या डिस्कला ५००००० हा आकडा जास्तच आहे. वीस टक्के जागा मोकळी सोडायची, म्हणजे ४००००० च्या पुढे जायचं नाही.

प्रश्न : सगळं व्यवस्थित बसलं, सगळ्यांचं इंटरनेट प्रॉक्सीतूनच जातं, पण वापर कमी झाला नाही. लॉगमध्ये टीसीपी_टनेल आणि टीसीपी_मिसच (कॅशेत सापडलं नाही) दिसतं, हिट (कॅशेतून दिलं) जवळजवळ नाहीच. इन्स्टॉलेशनमध्ये काय चुकलं?

उत्तर : बहुधा इन्स्टॉलेशनमध्ये काहीच चुकलेलं नाही. टीसीपी_टनेल म्हणजे एचटीटीपीएसची बंद नळी. ब्राउझर ‘कनेक्ट’ म्हणतो, स्क्विड दोन्ही टोकं जोडून देतो, आतून काय गेलं ते त्याला दिसत नाही. जे दिसत नाही ते साठवताही येत नाही. आज वेबचा मोठा भाग एचटीटीपीएसवर आहे, त्यामुळे सर्वसाधारण ब्राउझिंग वाचवण्यासाठी कॅशे बसवला असेल तर अपेक्षाच बदलावी लागेल.

नळी उघडण्याची सोय आहे, एसएसएल_बम्प. ती वापरायला ओपनएसएसएलसह बांधलेला स्क्विड लागतो. डेबियनमध्ये त्यासाठी स्क्विड-ओपनएसएसएल हे वेगळं पॅकेज आहे. साध्या पॅकेजवर बम्पच्या ओळी घातल्या की पार्स करतानाच चूक येते. पुढे स्वतःचं प्रमाणपत्र प्रत्येक यंत्रावर बसवायचं, आणि जी ॲप्स ठरावीक प्रमाणपत्राशिवाय दुसरं मानत नाहीत त्यांना अपवाद करत राहायचं. बँका, आरोग्य आणि खासगी पत्रव्यवहार कधीच उघडू नये. नुसती बँडविड्थ वाचवण्यासाठी लोकांचं बोलणं मध्ये उघडणं आम्हाला योग्य वाटत नाही; तो निर्णय संस्थेने लेखी आणि वापरणाऱ्यांना सांगून घ्यायचा असतो.

खरी बचत आहे ती साध्या एचटीटीपीवरून येणाऱ्या मोठ्या फाइलींत : विंडोज अपडेटचा बराचसा मजकूर, लिनक्सची अनेक पॅकेज भांडारं. त्या असूनही मिस येत असेल तर तीन गोष्टी पाहा.

मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ न लिहिल्यास ४ एमबी असते. त्याहून मोठी फाइल डिस्कवर ठेवलीच जात नाही, म्हणजे जी वाचवायची तीच सुटते. ती ६ जीबी करा आणि ही ओळ कॅशे_डिरच्या वर लिहा. खाली लिहिली तर कॅशे_डिरला जुनीच मर्यादा लागू राहण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. विंडोज अपडेट फाइल सलग मागत नाही, तुकड्यातुकड्याने मागते, आणि स्क्विड अपुरे तुकडे साठवत नाही. अपडेटच्या डोमेनांची एक एसीएल (नियम लावण्यासाठीची यादी) करा आणि तिच्यापुरतंच ‘रेंज_ऑफसेट_लिमिट नन’ द्या, सोबत ‘क्विक_अबॉर्ट_मिन -१ केबी’. मग पहिल्या मागणीला स्क्विड अख्खी फाइल आणतो. एसीएलशिवाय ही सेटिंग सगळीकडे लावू नका. कोणी एखाद्या मोठ्या फाइलीच्या मधला तुकडा मागितला तरी पूर्ण फाइल उतरवली जाईल आणि लाइनवरचा भार उलट वाढेल. शंभर संगणक एकाच मिनिटाला तीच फाइल मागत असतील तर ‘कोलॅप्स्ड_फॉरवर्डिंग ऑन’ करा. आपण होऊन ते बंद असतं.

तिसरी गोष्ट चाचणीची. ब्राउझरमध्ये रिफ्रेश दाबून पाहणं ही चाचणी नव्हे. जोर देऊन केलेला रिफ्रेश स्वतःच ‘कॅशेतलं नको’ असं सांगतो, मग उत्तर मिस येणारच. ‘कर्ल -एक्स’ पुढे प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट, ‘-ओ /डेव्ह/नल’, ‘-व्ही’ आणि एचटीटीपीवरची एखादी मोठी स्थिर फाइल, अशी आज्ञा दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी उत्तरात ‘एक्स-कॅशे’पुढे हिट यायला हवा.

प्रश्न : मॅकवर कंटेंट कॅशिंग चालू केलं. हिरवा दिवाही दिसतो, पण आयपॅड त्याच्याकडून काहीच घेत नाहीत.

उत्तर : मॅकओएस १०.१३ पासून ही सोय सिस्टिममध्येच आहे, शेअरिंगच्या पानावर. टर्मिनलमध्ये ‘ॲसेटकॅशेमॅनेजरयुटिल स्टेटस’ चालवा. ‘ॲक्टिव्ह’ खरं, ‘स्टार्टअपस्टेटस’ ओके आणि ‘रजिस्ट्रेशनस्टेटस’ १ असेल तर मॅकची बाजू ठीक आहे.

मग पाहायचा तो बाहेरचा पत्ता. कॅशेची नोंद ॲपलच्या सर्व्हरकडे होते आणि आयपॅडही तिथेच विचारतो की माझ्याजवळ कॅशे आहे का. दोघे एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बोलत असतील तरच जोडी जुळते. संस्थेला दोन इंटरनेट लाइनी असतील, वायर्ड नेटवर्क एकीवरून आणि वायफाय दुसरीवरून जात असेल, तर एकाच खोलीत असूनही दोघे एकमेकांना सापडत नाहीत. अशा वेळी कॅशेच्या पर्यायांत सार्वजनिक पत्त्यांचे पट्टे भरायचे आणि ‘_एएपीएलकॅशे._टीसीपी’ या नावाची टीएक्सटी नोंद डीएनएसमध्ये करायची. शेअरिंगच्या पानावरच तिचा मजकूर तयार मिळतो, हाताने रचू नका.

पोर्ट ठरवला नसेल तर सिस्टिम स्वतः कुठला तरी निवडते. वायफाय आणि वायर्ड यांच्यामध्ये फायरवॉल असेल तर एक पोर्ट पक्का करून तोच उघडा. आयपॅडवर हाताने प्रॉक्सी भरलेली असेल तर काढा, आणि कॅशे मॅकला प्रॉक्सीच्या पासवर्डमधून सूट द्या. मॅक केबलनेच जोडायचा. त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मॅकवर ‘ॲसेटकॅशेलोकेटरयुटिल’ चालवलं की कुठला कॅशे दिसतो ते लगेच कळतं.

प्रश्न : स्क्विड रीस्टार्ट करायला अर्धा मिनिट का लागतो? मध्येच मारला तर ‘आधीच चालू आहे’ म्हणतो.

उत्तर : बंद होताना तो चालू जोडण्यांना ३० सेकंद देतो, शटडाउन_लाइफटाइम. संस्थेच्या आतल्या कॅशेला ५ सेकंद पुरतात. ‘किल -९’ वापरू नका. स्वॅप.स्टेट ही साठ्याच्या नोंदींची फाइल नीट न लिहिता तो मरतो आणि पुढच्या वेळी साठा पुन्हा मोजत बसतो. खरोखर कुठलीही स्क्विड प्रक्रिया उरली नाही याची खात्री झाल्यावरच जुनी पीआयडी फाइल (चालू प्रक्रियेचा क्रमांक ठेवणारी) काढा.

प्रश्न : व्हार्निश या वेब कॅशेची व्हीसीएल, म्हणजे नियमांची फाइल, ‘व्हार्निशडी -सी -एफ’ने तपासली तर बरोबर येते, पण सर्व्हिस सुरू होत नाही. सर्व्हर सुरक्षिततेच्या नियमांनुसार कडक केलेला आहे. पोर्टही बदलत नाही, ६०८१च राहतो.

उत्तर : मोठ्या सीची ती आज्ञा व्हीसीएलचं सी भाषेत रूपांतर छापते आणि थांबते. पुढची पायरी, म्हणजे त्या कोडचं कंपाइलरने लायब्ररीत रूपांतर करून ती चढवणं, सर्व्हिस सुरू होतानाच होते. त्यामुळे प्रत्यक्ष सर्व्हरवर सी कंपाइलर लागतो. कडक केलेल्या मशीनवरून तो काढून टाकलेला असेल तर ‘रनिंग सी-कंपाइलर फेल्ड’ असा संदेश मिळतो. जीसीसी परत बसवा.

संदेशात ‘फेल्ड टू मॅप सेगमेंट’ असेल तर लायब्ररी तयार झाली, पण जिथे ठेवली तो भाग ‘नोएक्झेक’ने (तिथून कोड चालवायला मनाई) माउंट आहे. ‘फाइंडमाउंट -टी /व्हार/लिब/व्हार्निश’ने पर्याय पाहा; टी मोठा. त्या एका फोल्डरावर एक्झेक असलेला छोटा टीएमपीएफएस (रॅममधली फाइल सिस्टिम) माउंट करा. नुसत्या या कामासाठी अख्ख्या /व्हारवरचा निर्बंध उठवू नका.

पोर्टचं कारण निराळं. सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) असलेल्या मशीनवर /ईटीसी/डिफॉल्ट/व्हार्निशमध्ये केलेला बदल वाचलाच जात नाही. ‘सिस्टिमसीटीएल एडिट व्हार्निश’ करा. सर्व्हिस विभागात आधी एक रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ ओळ, तिच्याखाली नवा पोर्ट घातलेली पूर्ण ओळ. रिकामी ओळ विसरलात तर सिस्टिमडी दोन एक्झेकस्टार्ट दिसतात म्हणून युनिटच नाकारते.

प्रश्न : एनजिनेक्स या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सी_कॅशे_व्हॅलिड (साठवलेलं किती काळ ताजं मानायचं) ७ दिवस दिलं आहे, तरी काही फाइली पाऊण तासाने पुन्हा मिस येतात.

उत्तर : प्रॉक्सी_कॅशे_पाथच्या ओळीत ‘इनॲक्टिव्ह’ लिहिलेलं नसेल तर ते १० मिनिटं धरलं जातं. इतका वेळ कोणी न मागितलेली फाइल ताजी असली तरी काढली जाते. तिथेही ७ दिवस लिहा. त्याच ओळीत ‘यूज_टेम्प_पाथ=ऑफ’ घाला, नाहीतर तात्पुरती फाइल दुसऱ्या डिस्कवर असल्यास प्रत्येक वेळी पूर्ण कॉपी होते. कीज_झोन (नोंदींसाठीची मेमरी) १० एमबी ठेवलात तर ८० हजारांच्या आसपास नोंदी मावतात. त्याहून जास्त फाइली असतील तर जुन्या नोंदी जागेअभावी बाहेर पडतील आणि तोच मिस पुन्हा दिसेल.